बत्तीस मापं आणि एक अपडेट

रविवारी सकाळी चहा निवायची वाट बघता बघता मी फोनवरच्या 'अपडेट करा' या बटणावर बोट ठेवलं. माझा गुन्हा एवढाच. महिनाभर तो फोन रोज गयावया करत होता, मला दया आली. (दया मला नेहमी चुकीच्या वेळी येते.)

अर्ध्या तासाने फोन जागा झाला, तो मला ओळखेचना. पासवर्ड टाका म्हणाला. मी टाकला. चुकीचा. मोठ्या अक्षरांत टाकला, चुकीचा. जरा दमदाटी करून टाकला, तरी चुकीचाच.

"झाला का चालू?" शिवणयंत्रामागून बायकोने विचारलं. तिच्या हातात कात्री होती.

"होतोय, होतोय," म्हणत मी खोलीत येरझाऱ्या घालू लागलो.

माझ्या येरझाऱ्यांना कारण होतं. बायको कपडे शिवते. गायनवर्गाच्या बाईंनी तिला बत्तीस मुलांचे झगे शिवायला दिले होते, तिचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. कार्यक्रम शुक्रवारी. कापड आजच कापायला हवं होतं आणि बत्तीसही मापं माझ्या फोनमध्ये होती.

ती तिथे का होती? तर मी बावीस वर्षं एका कचेरीच्या अभिलेख विभागात कारकून आहे. आमच्याकडे जुन्या कागदाचा फोटो काढतात आणि मूळ कागद नष्ट करतात. तोच नियम मी गेल्या आठवड्यात घरी लावला. बायकोच्या मापांच्या वहीचे फोटो काढले आणि तिला न विचारता वही रद्दीवाल्याला देऊन टाकली. "वही फाटेल, पण मापं आता अमर झाली," असं भाषणही ठोकलं होतं.

"पासवर्ड आठवत नसेल तर कोड मागव," आमची कन्या म्हणाली.

"मागवला."

"आला?"

"ईमेलवर आला."

"मग उघड की ईमेल."

"ते याच फोनमध्ये आहे."

कन्येने तिच्या लॅपटॉपवर माझं ईमेल उघडायचा प्रयत्न केला. तिथे आणखी एक कोड मागितला. तो येणार होता माझ्या बंद फोनवर. बायकोच्या कात्रीची नुसतीच उघडमीट सुरू झाली.

शेवटी एकच वाट उरली. खातं उघडताना मी एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, ते पुन्हा द्यायचं. पडद्यावर प्रश्न आला: 'तुमची सर्वांत आवडती व्यक्ती कोण?'

मी मागे वळून बायकोकडे पाहून हसलो आणि ऐटीत तिचं नाव टाकलं.

चुकीचं.

कात्री थांबली. मी घाईघाईने आईचं नाव टाकलं. तेही चुकीचं. आता एकच संधी उरली होती, नंतर थेट तीन दिवसांनी.

"मी नाही, सासूबाई नाहीत," बायको शांतपणे म्हणाली. तिचा हा आवाज मला फार महाग पडतो. "मग कोण हो?"

"अगं, खरंच आठवत नाही!"

"आवडती व्यक्ती आठवत नाही?"

आता झगे राहिले बाजूला. मी शेजाऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळी माणसं मनात आठवून पाहिली. साहेब तर नक्कीच नव्हते.

"बाबा," कन्या कंटाळून म्हणाली, "स्वतःचं नाव टाक."

"छे! मी काय इतका..."

टाकलं. फोन उघडला.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी विषय बदलायला झटकन फोटो उघडले. पहिला फोटो: वहीचं पान, वर मुलाचं नाव आणि मापांच्या आकड्यांवर माझा अंगठा. दुसरा: नाव आणि अंगठा. पान उडू नये म्हणून मी ते मोठ्या काळजीने दाबून धरलं होतं. बत्तीसच्या बत्तीस फोटोंत मी तितकीच काळजी घेतली होती. मूळ नष्ट करण्याआधी नक्कल तपासावी, हे आमच्या नियमातलं पुढचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

बायकोने कात्री खाली ठेवली. तिने गायनवर्गाच्या बाईंना फोन केला, चूक स्वतःवर घेतली आणि दुपारी सगळी मुलं वर्गात बोलावून घेतली. मला खरोखर लाज वाटली. मी टेपचं एक टोक धरून बत्तीस वेळा वाकलो. ती नव्या वहीत आकडे लिहीत गेली. त्या वहीला हात लावायची मला परवानगी नव्हती.

झगे शुक्रवारी वेळेवर गेले. शनिवारी तिने उरलेल्या लाल कापडाची छोटीशी टोपी माझ्यापुढे ठेवली.

"ही कुणाची?"

"तुमच्या अंगठ्याची. पुढच्या वेळी फोटो काढताना घाला, म्हणजे निदान दिसेल कुठे आहे ते."

घालून पाहिली. तंतोतंत बसली.

"न मोजता इतकी नेमकी कशी शिवलीस गं?"

"न मोजता कशी?" ती म्हणाली. "बत्तीस फोटो होते की."