दाराबाहेरचा तानाका

कमल सिस्टर आमच्याकडे येतात तेव्हा फाटकाची कडी वाजत नाही, अख्खे फाटक वाजते. दुपारी साडेचार म्हणजे साडेचार. त्या हाक मारत नाहीत, आत येऊ का असे विचारत नाहीत. ओटा ओलांडून थेट बैठकीच्या खोलीत शिरतात, चपलांची टोके दाराकडे वळवून ठेवतात, मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर मांडतात आणि फर्मावतात, "हं सर, करा जपानी चालू."

मी कोणाचाही सर नाही. मुरुमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षे ग्रंथपाल होतो. मुलांना गप्प बसा म्हणण्याचाही मला संकोच वाटे, म्हणून 'शांतता राखा' अशी पाटी करून घेतली आणि पुढची तीस वर्षे तिच्यामागे बसून काढली. त्या ग्रंथालयाला कोणी तरी जपानी संभाषणाचे एक जाड पुस्तक भेट दिले होते. त्याच्या मागच्या चिठ्ठीवर एकदाही तारीख पडली नाही. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात तेही रद्दीत निघाले. कोणी न मागितलेल्या वस्तूबद्दल मला आपुलकी वाटते. मी ते घरी आणले आणि साठीनंतर, दार लावून, हलक्या आवाजात जपानी बोलू लागलो. उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे माझी प्रगती समाधानकारक होती.

हे समोरच्या घरातल्या कमल सिस्टरांना कसे कळले, ते मला अजून कळलेले नाही. एके दिवशी फाटक वाजले.

"ते जपानी पुस्तक तुमच्याकडं हाय म्हनं."

"आहे. पण तुम्हाला ते कशासाठी..."

"पाच मिन्टं बोलता आलं पायजे. सुजाताशी."

सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती जपानमध्ये वृद्धांची शुश्रूषा करण्याच्या नोकरीवर आहे, हे साऱ्या मुरुमला ठाऊक होते. ती आईशी चार वर्षे बोललेली नाही, हेही ठाऊक होते. मी अतिशय सावधपणे म्हणालो, "पण सिस्टर, सुजाताला मराठी येते."

"मराठीत आमचं बोलून झालंय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. तेव्हापासून त्या रोज बसतात.

कमल सिस्टरांनी आयुष्यभर आरोग्य उपकेंद्रात नोकरी केली. आसपासच्या बारा गावांतली निम्मी तरणी पिढी त्यांच्या हातावर जन्माला आली आहे आणि त्या पिढीला त्या हे विसरू देत नाहीत. चौकातल्या हॉटेलवाल्याने एकदा विचारले, "काय सिस्टर, जपानला कधी निघाला?" सिस्टर म्हणाल्या, "तू पायाळू व्हतास. तुझ्या आईला इचार किती वाजेपतूर झुंजले ते. गप चहा दे." हॉटेलवाल्याने चहा दिला आणि साखरही जास्त घातली.

भाषाही त्या लस टोचल्यासारखी शिकतात. लसीकरणाची एक कोरी राहिलेली नोंदवही त्यांच्याकडे आहे. बाळाच्या नावाच्या रकान्यात जपानी शब्द, मग डोस दिल्याची तारीख, पुढच्या डोसची तारीख आणि शेवटी 'प्रतिक्रिया'. या शेवटच्या रकान्यात 'जीभ अडकती', 'लगेच लागू', 'सरांना येत न्हाय' असे शेरे असतात. मला 'र' आणि 'ल' यांच्यामधला तो जपानी उच्चार साधेना, तेव्हा त्यांनी विजेरी लावून माझा घसा तपासला. "टॉन्सिल बरे हायत," त्या म्हणाल्या. "मग भ्यायलाय कशाला? बोला की मोकळं."

आमच्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी 'चर्चा करा' असा मजकूर असे. जपानी समाज, जपानी चालीरीती, जपानी कुटुंब. अर्धा तास मराठीचा एकही शब्द काढायचा नाही, असा सिस्टरांचा नियम होता. दोघांजवळ मिळून शब्द जेमतेम दोनशे. त्यामुळे आमचा जपान फार सोपा देश झाला होता. तिथे गाड्या वेळेवर येत, लोक मासे खात, झाडांना फुले येत आणि सगळेजण एकमेकांना सारखे धन्यवाद देत. अबोला, काडीमोड, पश्चात्ताप हे शब्द पुस्तकाच्या दुसऱ्या भागात असावेत. ग्रंथालयाला पहिलाच भाग भेट मिळाला होता. आमच्या जपानात दुःखी असे कोणी नव्हते, कारण ते सांगण्याची सोय नव्हती.

त्या देशावर सिस्टरांनी पहिल्या आठवड्यातच ताबा मिळवला. "बुद्ध आपल्याकडनंच गेला का न्हाय? मग! मूळ केंद्र आपलं. जपान उपकेंद्र." उपकेंद्राने चालवलेल्या चांगल्या गोष्टी त्यांनी लगोलग मुरुममध्ये लागू केल्या. चपला टोके बाहेर करून ठेवण्याची रीत त्यांना फार पटली. उमरग्याच्या एका लग्नात, आत मंगल परिणय चालू असताना, त्यांनी मंडपाबाहेरचे दोनशे जोड स्वतःच्या हाताने तसे लावले आणि शिस्त अपुरी वाटली म्हणून लहान, मध्यम, मोठे अशी वर्गवारीही केली. नवरदेवाचा मामा अनवाणी गाडीत बसला. त्यानंतर त्या घरची कुठलीही पत्रिका सिस्टरांना आली नाही. "लोकांना चांगलं पचत न्हाय," एवढेच त्या म्हणाल्या.

भेटवस्तू देणाऱ्यासमोर उघडायची नाही, हीदेखील जपानी रीत. हा धडा झाला त्या दिवशी त्यांनी मला कापडात बांधलेला डबा दिला. आत गरम धपाटी होती हे वासावरून मला कळत होते, त्यांना तर माहीतच होते. आम्ही दोघेही भुकेले होतो. डबा मध्ये ठेवून, तो तिथे नाहीच असे मानून, आम्ही अर्धा तास जपानी चहासमारंभावर चर्चा केली. त्या गेल्यावर मी थंड झालेली धपाटी एकट्याने खाल्ली. समोरच्या घरात त्याही एकट्याने जेवत असणार. दोन सुशिक्षित माणसे एवढी संस्कृती पाळू शकतात, याचे तेव्हा मला कौतुक वाटले होते.

त्यांचे मुळीच पटले नाही ते तानाकाशी. हा तानाका म्हणजे आमच्या पुस्तकातला नायक. तो दर दुसऱ्या धड्यात कोणाच्या तरी घरी जातो आणि दाराबाहेर उभा राहून 'गोमेन कुदासाइ', म्हणजे 'माफ करा, आत येऊ का', अशी हाक देतो. आतून 'दोओझो', म्हणजे 'या', असे उत्तर आल्याशिवाय तो पाऊल आत टाकत नाही. हा संवाद दोघांनी पाठ करावा असे पुस्तकाचे म्हणणे होते. मी यजमान होण्यास तयार होतो, पण सिस्टर तानाका होईनात.

"ह्याला कामधंदा न्हाय का? सारखा दुसऱ्याच्या दारात!"

"ती त्यांची सभ्यता आहे, सिस्टर. यजमानाची गैरसोय होऊ नये म्हणून..."

"सर," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकाएकी खाली आला. "माझा आजा लोकांच्या दाराभायेर उभा ऱ्हायचा. आतनं कुनी हो म्हनंस्तवर. बुद्ध धम्म घेतला त्या दिशी बापानं सांगितलं, आता कुनाच्या दारात ताटकळायचं न्हाय. म्या बारा गावात नोकरी केली. पाटलाचं असू द्या न्हायतर कुनाचं, दार ढकलून आत गेले. तुमच्याबी. हा धडा सोडा."

धडा सोडला. वहीत त्या पानावर त्यांनी 'डोस नाकारला' असे लिहिले. त्यांचे फाटक ढकलणे म्हणजे दांडगाई, असे मी इतकी वर्षे समजत आलो होतो. शिकलेल्या माणसाला समोरच्या घरातले कळायला कधी कधी जपानपर्यंत जावे लागते.

पुढे म्हाताऱ्या माणसांवरचा धडा आला. नियमाप्रमाणे मी प्रश्न विचारत गेलो आणि त्या जपानीतून उत्तरे देत गेल्या. जपानमध्ये म्हातारे पुष्कळ आहेत. त्यांची मुले दूर राहतात. त्यांना कोण न्हाऊ घालते? मुली न्हाऊ घालतात. कोण भरवते? मुली भरवतात. पुस्तकात दिला होता तो पुढचा प्रश्न मी विचार न करता वाचला, "दोको कारा किमासु का?" त्या मुली कुठून येतात?

सिस्टर घड्याळाकडे पाहत होत्या. "मुरुमु कारा," त्या म्हणाल्या. मुरुमहून.

अर्धा तास संपायला अकरा मिनिटे होती. नियम त्यांनीच मोडला.

"त्या दुपारी ती सासरहून, लातूरहून आली व्हती. हातात एक बॅग. गालावर वळ. बारा गावच्या सासवांना दमात घेतलं म्या, सुनेला हात लावाल तर बघा म्हनून. आन् माझ्या दारात माझीच पोर आली, तर म्हनले, आधी तिकडं मिटवून ये. नर्सबाईची पोर नांदत न्हाय, असं गाव म्हनंल, ह्याची फिकीर पडली मला. दारातनं आत घेतलं न्हाय. पानी सुदिक इचारलं न्हाय. तशीच दोनच्या गाडीनं गेली. तिकडं न्हाय, पुन्याला. तितनं जपानला."

मी पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करत होतो.

"तुमी बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पडदा हालला व्हता."

पाहिले होते. मे महिना होता, कॉलेजला सुट्टी होती. ती मुलगी उन्हात उभी राहिली, मग रस्त्यावर आली आणि क्षणभर तिने आमच्या खिडकीकडे पाहिले. 'आत ये' हे दोन शब्द मला मराठीत उत्तम येत होते. लोकांच्या घरगुती गोष्टीत आपण पडू नये, असा सुसंस्कृत विचार करून मी पडदा नीट केला होता.

"मग तुम्ही माझ्याकडे कशा आलात?" मी महत्प्रयासाने विचारले.

"पुस्तक तुमच्याकडंच व्हतं," सिस्टर म्हणाल्या. घड्याळ मनगटावर चढवून त्या निघून गेल्या.

फोन करण्याचा दिवस त्यांनीच ठरवला. आपल्याकडे साडेचार म्हणजे तिकडे रात्रीचे आठ, सुजाताची कामाची पाळी संपलेली. पाच मिनिटांची तयारी पक्की होती. आधी अभिवादन, मग हवामान, मग प्रकृती, जेवण, आणि शेवटी जपानी गाड्यांची स्तुती. मी सगळे मोठ्या अक्षरात लिहून दिले होते. मोबाइल टेबलावर ठेवून सिस्टरांनी नंबर लावला. घंटी वाजत राहिली आणि आपोआप थांबली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा थांबली.

"आवाज टेप करून पाठवता येतो न्हवं?"

मी तसे करून दिले. सिस्टर खुर्चीवरून उठल्या. मी लिहून दिलेला कागद त्यांनी पालथा ठेवला. मग त्या खोलीबाहेर गेल्या, ओट्याखाली उतरल्या आणि दाराच्या चौकटीबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. मोबाइल दोन्ही हातांनी धरला. आयुष्यात कोणापुढे न वाकलेली ती बाई कमरेतून वाकली आणि म्हणाली, "गोमेन कुदासाइ."

एवढेच. हवामान नाही, गाड्या नाहीत.

मी आतून हळूच सुचवले, "सिस्टर, क्षमा मागायची असेल तर पुस्तकात वेगळे वाक्य आहे. पान बेचाळीस."

"ठावं हाय मला," त्या ताठ होत म्हणाल्या. "तवा ती भायेर व्हती. आता मी हाय. तिला कळंल."

संदेश गेला. थोड्या वेळाने त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तिने ऐकला होता. सिस्टर आमच्या ओट्यावर बसून राहिल्या. मी चहा केला, तो गार झाला. साडेपाच वाजता त्यांनी वही मागितली, त्या जुन्या पानावरचे 'डोस नाकारला' खोडले आणि आजची तारीख घातली. प्रतिक्रियेचा रकाना कोरा ठेवला.

तो अजून कोरा आहे. या गोष्टीला आता सात महिने झाले. सुजाताने उत्तर दिले नाही आणि नंबरही बंद केला नाही. सिस्टरांच्या मते जपान उपकेंद्रात नेटवर्कची अडचण असेल. त्या देशाच्या वेळेवर धावणाऱ्या गाड्यांबद्दल आम्ही इतके बोललो आहोत, की यावर मी काही म्हणत नाही.

पण आता आमचे फाटक वाजत नाही. दुपारी साडेचारला त्या रस्ता ओलांडून येतात आणि सताड उघड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. जाणारे-येणारे थांबून पाहतात, हॉटेलवाला लांबूनच हसतो. त्या खणखणीत आवाजात हाक देतात, "गोमेन कुदासाइ!"

मी खिडकीत उभाच असतो. पडदा मी काढून टाकला आहे.

"दोओझो," मी म्हणतो.

"आइकू आलं न्हाय, सर," त्या रस्त्यावरूनच म्हणतात. "मोठ्यानं म्हना."

भर रस्त्याला ऐकू जाईल असे बोलण्याची मला सवय नाही. मी घसा साफ करतो आणि पुन्हा म्हणतो.