केंद्र जरा पलीकडे सरकवा

इसोनोए गावाला धक्का बसला, तेव्हा जिल्ह्याच्या भूकंप कार्यालयातल्या मिझुहोबाईंनी नेहमीचं काम केलं. आधी येते वेगवान लाट, मागून येते रेंगाळणारी. दोघींमध्ये किती वेळ गेला त्यावरून धक्का किती लांबचा ते कळतं. तीन नोंदणी ठाण्यांभोवती तेवढ्या अंतराची तीन वर्तुळं काढायची; ती जिथे भेटतात, तिथे केंद्र. ती भेटली इसोनोएच्या गरम झऱ्यांखाली.

रिवाजाप्रमाणे भूकंपाला त्याच गावाचं नाव लागणार. दुपारीच हॉटेलवाल्यांचे अध्यक्ष तोगाशीसान मिठाईचा खोका घेऊन, कमरेत वाकून हजर!

"भूकंपाला आमचं नाव? मग गिऱ्हाईक फिरकेल का? जरा सरकवा ना!"

"अहो, लाटा तिथूनच आल्यात!"

"लाटांचं काय जातंय? त्यांना थोडाच धंदा करायचाय?"

मिझुहोबाईंचे साहेब ओनुमासान यांनी खोका घेतला, म्हणजे केंद्र सरकलं. मग शेजारचं गाव खोका घेऊन आलं, मग त्याच्या शेजारचं. साहेबांना कुणाचं मन मोडवत नसे. अखेर केंद्र समुद्रात लोटलं, तर कोळ्यांची संस्था दारात. मग ते आणखी लांब, भर समुद्रात नेलं. माशांकडून अद्याप मिठाई आलेली नाही.

पुढे प्रत्येक धक्क्याचं हेच. समुद्रतळाचा खडक जमिनीखाली कुठे घुसतोय, त्याचा नकाशा या केंद्रांवरूनच बनतो. तोही बनला. त्यात तो अजस्र खडक हॉटेलं दिसताच अदबीनं वळसा घालून जात होता! त्याच नकाशाच्या भरवशावर इसोनोएत स्वस्त बांधणीची शाळा मंजूर झाली. मिझुहोबाईंची लेक सायो त्याच शाळेत जाणार होती.

भूमिपूजनाला पुजारी मंत्र म्हणत असतानाच बाई ओरडल्या, "थांबा! नकाशा खोटा आहे. खडक इथेच आहे, पायाखाली. पोरं चिरडतील हो!"

बाईंच्या वतीनं माफी मागायला ओनुमासान तेवढे वाकले. मग एक आई हळूच जवळ आली.

"तुमचं खरंय, मिझुहोसान. मलाही शंका होतीच."

"मग बोला ना सगळ्यांसमोर!"

"बोलले असते हो. पण आम्ही इथेच फ्लॅट घेतलाय. तो विकला जाईपर्यंत तरी गप्प बसाल?"

आजूबाजूच्या माना एकदम डोलल्या. मिझुहोबाईंनी शेजारी उभ्या सायोचा हात घट्ट धरला. त्यांना रडूच फुटलं.

तुम्ही मात्र खुशाल हसा. घर घेताना खिडकीतून काय दिसतं ते दहादा पाहिलंत. खाली काय आहे, ते कुणाला विचारलंत?