चुना चाखणारे सेतुरावमामा

सेतुरावमामा प्रत्येक सामन्याआधी लाठीचं टोक चाटून बघत. दोन्ही खेळाडूंच्या लाठ्यांचं!

सिलंबम हा इकडचा तमिळ लाठीचा खेळ. लाठीच्या टोकाला ओली विभूती लावतात. समोरच्याच्या काळ्या सदऱ्यावर जितके पांढरे ठिपके, तितके गुण. ठिपका ठळक उठावा म्हणून काही पोरं विभूतीत चुना मिसळत. मामांच्या जिभेला तो बरोबर सापडे. "चुना! डोळ्यात गेला तर? बाहेर हो, थंबी!" मग पोराला बाहेर काढून भाजलेल्या जिभेवर पाणी धरून बसत.

मामा तंजावरकडचे मराठी, एग्मोरला रेल्वे स्टेशनात कारकून आणि आमचे शेजारी. माझे वडील रेल्वेच्याच कारखान्यात फिटर. घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. मोठ्या माणसाबद्दल असं लिहावं की नाही, मला नीट कळत नाही, पण लिहितो.

मामांची दुसरी खोड ओरडण्याची. पंच म्हणून उभे राहिले की प्रत्येक ठिपका मैदानाबाहेर ऐकू जाई. "उजवा खांदा! निळ्या पागोट्यास एक!"

"मामा, आम्हाला दिसतंय की!" पोरं चिडवत.

"तुम्हांस दिसतंय, बहुत बरं," म्हणत मामा आणखी जोरात ओरडत. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे मित्र रंगाण्णा काळा चष्मा लावून बसलेले असत. मला ते कुणी बडे अधिकारी वाटत.

त्या रविवारी अंतिम सामना माझा होता. वडील पहिल्यांदाच आले होते. माझी पुस्तकं त्यांना परकी; लाठी मात्र कळत होती. इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या ओळीत बसले.

आधी पाच ठिपके उठवील तो जिंकणार. चार-चार झाले! सगळं मैदान उठून उभं राहिलं. मी वाकलो, लाठी खालून फिरवली आणि टोक थेट समोरच्याच्या बरगडीवर! पाच! वडील टाळ्या वाजवत होते.

"थांबा! ठिपका नाही! मारायच्या आधीच पिवळं पागोटं सुटलं!"

पिवळं माझंच होतं. डोकं वाचवणाऱ्या त्या जाड कापडाचा एक फेरा कानावर लोंबत होता.

"मामा, पागोटं माझं सुटलं, पण मार त्याला बसला ना!"

"पागोटं सुटलं की खेळ थांबला. बांध. तीन फेरे."

मी बांधलं. पुढच्याच झटापटीत पाचवा ठिपका माझ्या छातीवर उठला.

वडील मान खाली घालून चपला शोधू लागले. मी तरातरा मामांकडे भांडायला निघालो.

मामा रंगाण्णांच्या बरगडीवर बोट टेकवून सांगत होते, "असा मारला, रंगा. खालून."

"मग चिडला असेल तुझ्यावर."

"चिडू दे." मामांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी आपल्या सामन्यात तुझं पागोटं सुटलेलं मला दिसलं होतं. मी लाठी थांबवली असती, तर तूही चिडला असतास. पण आजचा सामना डोळ्यांनी पाहिला असतास."

रंगाण्णांनी चाचपडत मामांचा हात धरला आणि थोपटला.

मी खुर्चीजवळ उकिडवा बसलो. "अण्णा, माझा चौथा ठिपका कसा होता, सांगू?"

"डावा खांदा," अण्णा लगेच म्हणाले. "पाहिला की. झकास होता."