क्युबातलं न्हाय

शेजारच्या तात्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, पहिला प्रश्न ठरलेला. "ऊस हाय का तितं?" माझ्या नणंदेला कोकणातलं स्थळ आलं, तेव्हा मुलगा, नोकरी, घरदार सगळं राहिलं बाजूला. तात्या म्हणाले, "ऊस न्हाय. मानसं भरवशाची नसायची." स्थळ मोडलं. नणंद त्याचा राग अजून माझ्यावर काढते, तात्यांना मात्र दिवाळीचा फराळ पाठवते.

काकू गेल्या आणि तात्या घरात एकटे उरले. पुण्याच्या मुलानं, विलासनं, धोशा लावला, की इथलं बावड्यातलं घर बंद करा आणि माझ्याकडं चला, एकटे कसे राहणार? तात्या मोबाइलवर क्युबातली गाणी बघत होते. उसाच्या फडात माणसं गात होती. मान वर न करता म्हणाले, "एकटा क्युबाला जाऊन येतो. धड आलो तर मरंस्तवर हितंच ऱ्हानार. न्हाय आलो, तर घर बंदच हाय की."

विलास हसला. तिथंच तो चुकला. तात्यांच्या डोक्यात एकदा शिरलं, की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी निघत नाही.

मोबाइलवरून स्पॅनिश सुरू झालं. एक दिवस कुंपणावरून हाक आली. "सुमन, अगं ही तर आपलीच बोली हाय. हायला 'आय' म्हनत्यात आन् न्हायला 'नो आय'. ह लिवत्यात, पन बोलत न्हाईत. आपन आम्ही-तुम्हीतला ह खाल्ला, त्यांनी हायमधला खाल्ला."

बॅगेत त्यांनी गुळाची ढेप भरली. साखरेच्या देशात गूळ कशाला, म्हटलं, तर म्हणाले, "पावन्यानं मोकळ्या हातानं जायाचं व्हय?" आणि गेले, एकटे. इंदापूरच्या स्टँडपर्यंतसुद्धा कुणाला सोबत येऊ दिलं नाही.

धडधाकट परत आले. पोरांना नाचणाऱ्या बायकांचे फोटो हवे होते. तात्यांनी दाखवला बंद पडलेला साखर कारखाना आणि लाकडी खोक्यावर बसलेला एक म्हातारा. "ह्यो गडी रोज सांजंला खोकं वाजवायचा, मी रोज ऐकाया जायाचो. ऊस तोडाया आफ्रिकंतनं गुलाम आनलं हुतं. फुडं ढोलावर बी बंदी आली. तर त्यांनी मालाची खोकी बडवली, आन् त्यातनं गानं काढलं. मानसानं ठरवलं की खोकं बी वाजतंय." मग ते दाखवायला माझा डाळिंबाचा क्रेट बडवला. प्लास्टिकचाच तो, फुटला. "ह्यो न्हाय. लाकडी पायजे," म्हणाले, आणि दुसरा उचलायला निघाले. मी आडवी झाले.

विलास येऊन बापाला खालून वर बघून गेला. पुण्याचा विषय निघालाच नाही.

तो गेल्यावर मी विचारलं, "तात्या, क्युबात सगळ्यात काय आवडलं?"

"मी जितं उतरलो, तितली म्हातारी. पैल्याच दिवशी तिनं इचारलं, 'सेन्योरा?' म्हंजी मालकीण कुटंय? मला कुटलं उत्तर जमतंय. तोंडातनं निगालं, न्हाय."

"मग?"

"तिला कळलं की. खुर्ची वढून जवळ बसली. मी रडलो गं, सुमन. तुजी काकू गेल्यापास्नं पैल्यांदा."

तात्या पुढं म्हणाले, "हितं समद्यांना म्हाईत हाय. म्हनून कुनी इचारतच न्हाय."

खरं होतं. त्यांना त्रास नको, म्हणून काकूंचं नाव आमच्यातलं कुणीच काढत नव्हतं. माझे डोळे भरून आले. पदरानं पुसले आणि विचारलं, "तात्या, काकूंना तुम्ही पहिल्यांदा कुठं बघितलं?"

तात्यांचा चेहरा उजळला.

"कळंबला. लगीन दुसऱ्याचंच हुतं," ते म्हणाले. "चा टाक. लांबडं हाय ते."