न वाचलेल्या पत्राला होकार

यज्ञेश्वर करमरकरांनी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. एवढ्या वर्षांत आपल्या हातून एक कागद हरवला नाही, हे ते नव्या माणसाला ओळख झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला सांगत. पहिली दोन मिनिटं गुडघेदुखीच्या वर्णनाला लागत.

त्यामुळे कॅनडाहून दादानं पाठवलेलं रजिस्टर पाकीट महिना उलटला तरी शनिवार पेठेत पोचलं नाही, तेव्हा यज्ञेश्वरांना काळजी वाटायच्या ऐवजी हुरूप आला. "आठ दिवसांत शोधून काढतो," त्यांनी फोनवर सांगितलं. पलीकडे दादा नुसता खोकला.

हा दादा म्हणजे सौमित्र, त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा. चाळीस वर्षं तिकडेच. बायको गेलेली, मूलबाळ नाही. बारा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो आला नाही. तिकीट मिळत नाही म्हणाला. यज्ञेश्वरांना ते कधीच खरं वाटलं नाही. तेव्हापासून दोघं भाऊ दिवाळीच्या दिवशी मिनिटभर बोलत. तब्येत, हवा आणि "बरं, ठेवतो." पण यंदा जानेवारीपासून दादा दर रविवारी सकाळी आठला फोन करू लागला. त्याच्या किडनीचं काहीतरी निघालंय, एवढं तो मंदाकिनीबाईंशी, म्हणजे यज्ञेश्वरांच्या बायकोशी, बोलला होता. यज्ञेश्वरांना तो एकच विचारायचा, पाकीट मिळालं का. त्यात काय आहे असं विचारलं की म्हणायचा, मिळालं की वाच.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या नम्रतानं मोबाइलवर नंबर टाकून पाहिला. पाकीट पुण्यात आलंय, पुढे काही अपडेट नाही, असं तिनं सांगितलं. यज्ञेश्वरांचा मोबाइलवर विश्वास नव्हता. त्यांनी तीन प्रतींत अर्ज केला, फाइलला निळी नाडी बांधली आणि पोस्टात गेले. खिडकीवरच्या माणसानं अर्ज शेवटपर्यंत वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि म्हणाला, "इथं आलं असतं तर आम्ही ठेवून घेऊन काय करणार होतो, आजोबा?"

आजोबा हा शब्द यज्ञेश्वरांना लागला. ते दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे चोवीस. संध्याकाळी बागेत जमणाऱ्या मंडळींनी पाकिटाचं नाव काढलं की यज्ञेश्वर विषय बदलून आपल्या दुसऱ्या पराक्रमाकडे नेत. फेब्रुवारीत एका बाईनं त्यांना तीनदा फोन केला होता. तुमचं परदेशातून पार्सल आलंय, नीट पत्ता सांगा, म्हणत होती. असल्या भामट्यांबद्दल त्यांनी पेपरात सगळं वाचलं होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी तिला असं काही झापलं की पुन्हा तिचा फोन आला नाही. परदेशातून येणारं पार्सल आणि परदेशातून येणारं पाकीट यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे बागेतल्या सात निवृत्त माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आठ दिवसांचा शब्द दिल्यानंतरच्या चौथ्या रविवारी दादाचा आवाज फार खोल गेला होता. तो एवढंच म्हणाला, "मिळालं?"

आता पुन्हा नाही म्हणायचं यज्ञेश्वरांच्या जिभेवर येईना. एकतीस वर्षं आडवी आली.

"मिळालं."

"वाचलंस?"

"वाचलं."

दादानं विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

यज्ञेश्वरांनी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या मटार सोलत होत्या. कुठल्याही पत्राला चालेल असं उत्तर शोधताना त्यांना कचेरीतला मोठा साहेब आठवला, आणि ते म्हणाले, "मला पटलं."

पलीकडून जे ऐकू आलं तो खोकला नव्हता. दादा रडत होता. "तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं मला, यज्ञा," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

"कशाला हो म्हणालात?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. यज्ञेश्वर म्हणाले, ते पाकीट मिळालं की कळेल. मंदाकिनीबाईंनी चार शेंगा सोलल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, किडनी मागितली असेल तर?"

त्या दिवशी यज्ञेश्वर जेवले नाहीत. दोघा भावांचा रक्तगट एकच होता, हे त्यांना ठाऊक होतं. एके काळी त्याचा अभिमानही वाटायचा. पुढच्या रविवारी आडून आडून विचारून खरं काय ते काढून घ्यायचं त्यांनी ठरवलं. पण दादा त्या दिवशी स्वतःच भरभरून बोलला. डॉक्टरांना सांगितलंय म्हणाला. त्यांचं म्हणणं, तयारी दोन्हीकडून पाहिजे. तुला फार त्रास होईल रे, मंदाकिनीला नीट विचारलंस ना, पुन्हा एकदा विचार. सोळा एप्रिलला पुण्यात पोचेन असं तिकीट काढलंय.

"तिकडेच नाही का होत?" यज्ञेश्वरांनी कसंबसं विचारलं.

"इकडे कोण आहे माझं?" दादा म्हणाला.

यज्ञेश्वर डावा हात कमरेवर ठेवून चालायला लागले. गुपचूप सोनोग्राफी करून आले. दोन्ही किडन्या वयाच्या मानानं उत्तम आहेत, असं डॉक्टरनं सांगितल्यावर त्यांचा चेहरा इतका पडला की डॉक्टरनं त्यांना पाणी दिलं. खरं काय ते दादाला सांगून टाका, असं मंदाकिनीबाई रोज सांगत होत्या. पण बारा वर्षं या भांडणात यज्ञेश्वरांची बाजू खरी होती. तीच एक गोष्ट त्यांच्याकडे होती. ती खोटं बोलून घालवली, हे कबूल करण्यापेक्षा त्यांना ऑपरेशन परवडत होतं. आणि हेही खरं की एका दुपारी, गादीवर पडल्या पडल्या, द्यायला काय हरकत आहे, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खिडकीवरच्या त्याच माणसानं त्यांना आपणहून हाक मारली. पिनकोडातला एक आकडा चुकला असेल, विश्रांतवाडीला विचारून बघा, म्हणाला. यज्ञेश्वर उन्हात दोन बस बदलून तिथं गेले. काउंटरवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांनी रजिस्टर काढलं, नोंद शोधली आणि आवाज न चढवता वाचून दाखवली. पाकीट आलं होतं. पत्ता अर्धवट होता, पाठवणाऱ्याची चूक. त्यावरच्या फोन नंबरवर तीन वेळा संपर्क केला. प्राप्तकर्त्यानं अर्वाच्य भाषा वापरली. सबब पाठवणाऱ्याकडे परत.

"तुमचा आवाज ओळखला मी," बाई म्हणाल्या. "मला तुरुंगात खडी फोडायला पाठवणार होतात."

यज्ञेश्वरांनी माफी मागितली. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. नोंद मात्र अगदी चोख होती, तारीख, वेळ, शेरा, सही. एखादा शब्द जास्त नाही. परतीच्या बसमध्ये त्यांना त्याचंच जास्त वाईट वाटत राहिलं.

सोळा तारखेला दिल्लीहून आलेल्या विमानातून दादा लोहगावच्या विमानतळावर उतरला. चाकाच्या खुर्चीत बसवून आणला होता. तो इतका वाळला होता की यज्ञेश्वर आधी त्याच्या मागच्या माणसाकडे पाहून हसले. दादाच्या मांडीवर एक फुगीर तपकिरी पाकीट होतं. त्यावर बरेच शिक्के होते.

"निघायच्या आदल्या दिवशी दारात येऊन पडलं," दादा म्हणाला. "चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही."

टॅक्सीत मंदाकिनीबाई पुढे बसल्या, भाऊ मागे. यज्ञेश्वरांनी पाकीट फोडलं. आईनं दादाला लिहिलेली पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली, आणि वर दादाचं एक पानी पत्र. दुखणं किडनीतून फुप्फुसात गेलंय. डॉक्टर सहा महिने म्हणतात. ते तुझ्याकडे काढायचे आहेत. आईच्या वेळी तिकीट मिळत होतं. मला तिला तसं बघायचं नव्हतं, म्हणून मी आलो नाही. तेव्हा तू नाही म्हणालास तर मी समजून घेईन.

टॅक्सी येरवड्याच्या सिग्नलला थांबली होती.

"तुला काय वाटलं होतं?" दादानं विचारलं.

"किडनी."

दादा हसायला लागला आणि हसता हसता इतका खोकला की ड्रायव्हरनं वळून पाहिलं. मंदाकिनीबाईंनी पाण्याची बाटली मागे दिली. श्वास खाली बसल्यावर तो म्हणाला, "आणि किडनीला हो म्हणालास?"

यज्ञेश्वरांनी पत्राची पुन्हा घडी घातली.

"हे वेळेवर पोचलं असतं तर काय लिहिलं असतंस?"

यज्ञेश्वरांनी प्रामाणिकपणे विचार केला. मिळत होतं म्हणे तिकीट. "विचार करून कळवतो, असं."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाहीच," यज्ञेश्वर म्हणाले.

दादानं मान डोलावली आणि बाकीचा रस्ता तो बाहेर बघत राहिला. शनिवार पेठेतली ही जागा यज्ञेश्वरांनी आई गेल्यानंतर घेतली होती, दादानं ती पाहिलेली नव्हती. टॅक्सीतून उतरल्यावर त्यानं इमारत खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

"कितवा मजला?"

"तिसरा."

"लिफ्ट कुठे आहे?"

यज्ञेश्वरांनी चष्मा काढून पुसला. "लिफ्ट नाहीये, दादा."

"हे तरी कळवायचंस," दादा म्हणाला.

नम्रता आणि तिच्या ऑफिसातली तीन मुलं, अशा चौघांनी त्याला प्लास्टिकच्या खुर्चीतून वर नेलं. दर वळणावर तो इंग्रजीतून सूचना देत होता आणि यज्ञेश्वर मागून त्या मराठीतून खोडून काढत होते. पुढे तो साडेचार महिने होता. तेवढ्या दिवसांत तो एकदाही खाली उतरला नाही. मोकळ्या हवेला न्यायचं का, असं मंदाकिनीबाई अधूनमधून विचारत, तर तो नको म्हणे. भांडायला भाऊ घरातच होता.