विदाऊट तिकीट नाक

आमच्या नवघरच्या बिल्डिंगमध्ये मास्क लावून लिफ्टबाहेर पडलात, तर समोरून जाधवकाकांची काडेपेटी पुढे येते. कोरोना ओसरून वर्षं झाली, पण काकांनी मास्क सोडलेला नाही. आणि दुसऱ्याच्या तोंडावर दिसला की तपासल्याशिवाय त्यांना राहवत नाही. मागे एकदा सर्दी होती म्हणून मी लावला, तर काकांनी काडी पेटवून माझ्या तोंडापुढे धरली.

"मार फुंकर."

मी मारली. काडी विझली.

"बाद! हा मास्क नाही, शोभेची वस्तू आहे."

काका उभा जन्म बसचे कंडक्टर होते. साथीच्या दिवसांत कोणाचा मास्क नाकाखाली घसरला की बिल्डिंगच्या गेटवरून ओरडायचे, "ओ भाईसाब, मुँह का टिकट निकाला, नाक विदाऊट?" दुसऱ्या मजल्यावरचे शाहभाई अजूनही काकांना पाहिलं की सवयीने नाकावर हात ठेवतात.

मला वाद घालायची खोड आहे. "काका, मास्कने खरंच काही होतं का हो?"

"आमच्या घरात झालं ना!"

त्यांचं घर वन रूम किचन. काकू आधीच गेलेल्या. काकांना कोरोना झाला तेव्हा घरात मुलगा, सून आणि तान्ही नात ओवी. काका बाहेरच्या खोलीत खिडकीशी, बाकीचे किचनमध्ये. खिडक्या सताड उघड्या, बाळ सोडून सगळ्यांना मास्क. दुसऱ्या कोणालाच लागण झाली नाही.

"खिडकीमुळे असेल. नशीबही असेल," मी म्हटलं.

"असेल की. एकट्या मास्कने केलं असं कुठे म्हणतोय मी? पण मच्छरदाणीला भोक आहे म्हणून तू ती काढून झोपतोस का?"

माणूस हट्टी खरा. चहासुद्धा मास्क खालून उचलून पितात आणि घोट घेतला की पडदा पाडतात. आत तेव्हा दाढीचं रान माजलेलं. सलूनचं नाव काढलं की म्हणायचे, "झाकलेल्या भिंतीला रंग कशाला?"

पण आता हे सगळं कोणासाठी, ते काका सांगत नसत. ते मला पुढे एका रविवारी कळलं. ओवी चालायला लागली न लागली तोच मुलगा नोकरीसाठी बायको-मुलीला घेऊन हैदराबादला गेला. तेव्हापासून भेट होते ती दर रविवारच्या व्हिडिओ कॉलवरच. फोनचा आवाज नीट येईना म्हणून काकांनी मला बोलावलं होतं. बघतो तर काका फोनपुढेही मास्क लावून बसलेले.

"काका, तो काढा ना. आवाज दबतोय."

"नको, घाबरेल ती." मग हळूच म्हणाले, "आजारातून उठल्यावरही मी मास्क लावूनच तिला घ्यायचो. एकदा काढला, तर किंचाळली रे. परत लावला तर आली. त्यानंतर लगेच हैदराबादला गेले ते." त्यांनी कपाळापासून नाकापर्यंत बोट फिरवलं. "तिचा आजोबा एवढाच. खालचा तिला परका."

मी आवाज वाढवून फोन पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

तेवढ्यात ओवी स्क्रीनवर आली. पुढचे दोन दात पडलेले. काकांनी भुवया नाचवल्या, तशी खदखदून हसली. मग जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुमचं तोंड कसं आहे हो?"

काकांचा हात कानामागच्या दोरीकडे गेला आणि तिथेच राहिला. मला आतलं दाढीचं रान आठवलं.

"नको, नको!" ओवी ओरडली. "मी आले की मीच काढणार. तोपर्यंत कोणाला दाखवायचं नाही!"

"कधी येतेस?"

ओवीने मागे वळून पाहिलं. मागून मुलाचा आवाज आला, "बघतो बाबा. सुट्टी मिळाली की."

सोमवारी सलून बंद; मंगळवारी सकाळी उघडलं तेव्हा पहिल्या खुर्चीत काका होते. ओवीच्या अटीतून न्हाव्याला तेवढी सूट. आता रोज गुळगुळीत दाढी करतात, गालावरून हात फिरवून खात्री करतात आणि वर मास्क चढवून घरी येतात. सुट्टी अजून मिळालेली नाही.