गैरअर्जदार : म्हातारपण

नांदेडहून लोहामार्गे येणारी बस अहमदपूरच्या स्थानकात लागली, की सर्व जण आत शिरण्यासाठी धावतात. ख्वाजामियाँ मात्र दारापाशी घड्याळ धरून उभे राहतात. वृद्ध प्रवाशाचा पाय वरच्या पायरीवरून जमिनीवर येईपर्यंत किती सेकंद गेले, ते वहीत उतरवतात आणि संबंधितास "नोंद झाली" असे कळवतात. एका आजीबाईंनी त्यांना छत्री मारली होती. त्यांचीही नोंद झाली : अकरा सेकंद, छत्रीसह.

हे गृहस्थ याच स्थानकातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. घरी एकटेच असतात. मी अर्जलेखक; माझे आसन तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज परत आल्याचे उदाहरण तालुक्यात विरळाच. म्हणूनच, नांदेडला 'वार्धक्य आणि आरोग्य' या विषयावर डॉक्टरांची परिषद भरत असून तेथे सामान्य नागरिकासही आपले संशोधन पोस्टरवर मांडता येते, हे वर्तमानपत्रात वाचून मियाँ थेट माझ्याकडे आले.

"मुन्शीजी," वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "डाक्टर लोक म्हातारा दवाखान्यात पाहतात. पायरीवर कोन पाह्यलाय? हे तिथं लागलंच पाहिजे."

मी विचारले, तक्रार कोणाविरुद्ध? गैरअर्जदाराशिवाय अर्ज उभा राहत नाही. मियाँना कोणाचेच नाव घ्यायचे नव्हते. अखेर मीच तोड काढली. 'अर्जदार : ख्वाजामियाँ, धंदा सेवानिवृत्त. गैरअर्जदार : म्हातारपण, राहणार सर्वत्र.' खाली वह्यांतील मजकूर, शेवटी 'येणेप्रमाणे अर्ज सादर असे', आणि वर कोर्ट फी तिकीट. झेरॉक्सवाल्याने त्याचा फोटो काढून ईमेलने पाठविला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. विषय आवडला, मजकूर चार चौकटींत मांडावा, तिकिटाची आवश्यकता नाही, त्यांपैकी 'उपाय' या चौकटीसाठी मजकूरच नाही, ती उद्यापर्यंत न भरल्यास पोस्टर लागणार नाही. इतक्या आदराने परत आलेला अर्ज मी दुसरा पाहिलेला नाही.

निष्कर्ष वह्यांत तयारच होता. ज्याला घ्यायला कोणी आलेले असते, तो भरभर उतरतो. ज्याला कोणी आलेले नसते, तो त्याच पायऱ्यांवर दुप्पट वेळ लावतो. उपाय म्हणून मी सुचविले, की पायऱ्यांना कठडे बसविण्याचे आदेश व्हावेत.

मियाँनी मान हलवली. "कठड्याला काय माहीत, कोन उतरून राह्यलंय? लिहा, दाराशी उभं राहून हाक मारावी. आपन मारून पाह्यली. 'या धोंडाबाई' म्हटलं की बाई पोरीवानी उतरते."

तसेच लिहिले. पोस्टर मंजूर झाले. अट एकच : संशोधकाने दिवसभर पोस्टरजवळ हजर राहावे.

मियाँ म्हणाले, मग राहू द्या. दिवसभर इथल्या गाड्या कोण पाहणार? मी नाना प्रकारे समजावले. ते वह्या बांधू लागले. पक्षकारासाठी आसन सोडण्याचा माझा रिवाज नाही. तरीही, त्या दिवशी दारापाशी मी उभा राहीन, असे माझ्या तोंडून निघून गेले.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, नोकरीवर घेण्यापूर्वी पाहावे तसे. मग माझ्याच कागदावर मला मजकूर सांगू लागले. कोणत्या गाडीला कोण येते, कोणाला काय म्हणायचे. हदगावकडून येणाऱ्या हणमंतरावांना 'अण्णा' म्हणावे. धोंडाबाईंना दोनदा हाक मारावी, त्यांना कमी ऐकू येते. सुगराबींना हाक नको, नुसती पिशवी धरावी.

असे करीत यादीत संध्याकाळी नांदेडहून येणाऱ्या गाडीपर्यंत आलो.

"तिच्यात मी असंन," ते म्हणाले.

मी त्यांचे नाव लिहिले आणि रीतीप्रमाणे विचारले, "आपणास काय म्हणून हाक मारू?"

मी लेखणी धरून थांबलो. बाकी सर्वांचे त्यांनी तोंडपाठ सांगितले होते. हे मात्र त्यांना काही केल्या आठवेना.